हातचा येण्यापूर्वीची शेवटची संख्या

गुणाकाराचा सराव घेताना अनेक शिक्षकांनी फळ्यावर पुढील मनोरा कधी ना कधी लिहिलेला असतो:

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१
१११११ × १११११ = १२३४५४३२१

विद्यार्थ्यांना गंमत वाटते. पुढची ओळ ते गुणाकार न करताच सांगतात, आणि ती बरोबरही असते. असे करीत करीत आपण नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येपर्यंत पोचतो:

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

बहुतेक वेळा खेळ येथे थांबतो, कारण तास संपतो. आमच्या मते खरा तास येथून सुरू व्हायला हवा. या सतरा अंकी संख्येच्या पुढे काय होते? तिचे अंक असे चढतात आणि उतरतात ते का? आणि हा नुसता चमत्कार आहे की त्यात काही गणित आहे? या तिसऱ्या प्रश्नावर मोठमोठ्या गणितज्ञांचेही एकमत नव्हते. महाराष्ट्रातील एका शाळामास्तरांचे सारे आयुष्य जणू या प्रश्नाचे उत्तर देण्यात गेले. म्हणून या एका संख्येची हकिकत सविस्तर पाहू या.

संख्येची ओळख

प्रथम ही संख्या वाचून पाहू. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी दिसते. लाख-कोटीच्या पुढची नावे आज व्यवहारात फारशी उरलेली नाहीत. पण बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त ती दिलेली आहेत. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध अशी ही अठरा स्थाने आहेत. प्रत्येक स्थान आधीच्याच्या दहापट. त्यानुसार आपली संख्या १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद अशी चढते आणि ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दश, १ अशी उतरते. परार्धाच्या अलीकडेच ती संपते.

आकाराची कल्पना यावी म्हणून एवढेच सांगतो, की इतके सेकंद मोजायचे ठरवले तर सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. साध्या गणकयंत्राच्या पडद्यावर ही संख्या मावत नाही. संगणकावर तक्ते करण्याचे जे प्रचलित कार्यक्रम आहेत, त्यांतही एका संख्येचे साधारण पहिले १५ अंकच अचूक राहतात, त्यामुळे शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्ये दिसतात. म्हणजे कागद आणि पेन्सिल घेतलेला सातवीतला विद्यार्थी येथे यंत्राहून अचूक उत्तर काढू शकतो. ही गोष्ट त्याला अवश्य सांगावी.

आता तिचे काही गुण पाहू. ती उजवीकडून वाचली काय किंवा डावीकडून वाचली काय, सारखीच आहे. तिच्या सर्व अंकांची बेरीज ८१ येते, आणि त्या ८१ ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि तो १२३४५६७९ या संख्येचा वर्ग आहे. ८१ ने भागण्याऐवजी गुणले तर येते ९९९९९९९९८००००००००१, आणि हा ९९९९९९९९९ चा वर्ग आहे. मधल्या ९ च्या डावीकडची संख्या १२३४५६७८ आणि उजवीकडची ८७६५४३२१ यांची बेरीज केली तर ९९९९९९९९ येते. म्हणजे जो अंक मध्ये आहे त्याचीच माळ. शिवाय १११११११११ चे मूळ अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७ असल्यामुळे आपल्या संख्येला एकूण ४५ विभाजक आहेत. विभाजकांची संख्या विषम आली, कारण ती पूर्ण वर्ग आहे.

गुणांची यादी अशी आणखी लांबवता येईल. परंतु नुसती यादी म्हणजे गणित नव्हे. यादीमागचे कारण सापडले पाहिजे.

पेट्यांचा चौरस

कारण शोधण्यासाठी पुण्यातील गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाऊ. एप्रिल-मे महिन्यांत तेथे कोकणातून हापूसच्या पेट्या येतात. समजा, एका गाळ्यासमोर हमालांनी जमिनीवर ९ ओळींत प्रत्येकी ९ पेट्या मांडल्या. एकूण पेट्या ८१. हे सरळ मोजणे झाले.

आता याच पेट्या तिरप्या ओळींनी मोजू. एका कोपऱ्यात उभे राहिलो तर पहिल्या तिरप्या ओळीत ती कोपऱ्यातली १ पेटी येते. तिच्या मागच्या तिरप्या ओळीत २ येतात, त्यामागे ३, असे करीत मधल्या कर्णावर ९ येतात. नंतर ८, ७, ६ असे कमी होत समोरच्या कोपऱ्यात पुन्हा १ पेटी राहते. अर्थात १ + २ + … + ८ + ९ + ८ + … + २ + १ = ८१. आपल्या संख्येतील अंकांची बेरीज ८१ का, हे येथेच कळले.

पण त्याहूनही अधिक कळते. १११११११११ ला त्याच संख्येने गुणताना आपण काय करतो? वरच्या प्रत्येक १ ला खालच्या प्रत्येक १ ने गुणतो. असे ८१ छोटे गुणाकार होतात आणि प्रत्येकाचे उत्तर १ असते. एकेक पेटी म्हणजे असा एक छोटा गुणाकार समजा. एककाला एककाने गुणले तर उत्तर एककाच्या घरात पडते. दशकाला एककाने किंवा एककाला दशकाने गुणले तर ते दशकाच्या घरात पडते. म्हणून तेथे २. शतकाच्या घरात पडणारे गुणाकार तीन. एका घरात पडणारे सर्व गुणाकार हे चौरसातल्या एकाच तिरप्या ओळीवरचे असतात. म्हणून उत्तराचे अंक हे तिरप्या ओळींतील पेट्यांची गणती होय. चढ-उताराचे रहस्य एवढेच आहे.

वर्गात पेट्या आणणे शक्य नाही, पण चिंचोके पुरतात.

हातचा कोठे येतो?

आता एक ओळ आणि एक रांग वाढवू. १० × १० पेट्यांचा चौरस झाला. मधल्या कर्णावर १० पेट्या आल्या. परंतु आपल्या लिखाणात एका घरात दहा मावत नाहीत. तेथे शून्य ठेवून एक हातचा डावीकडच्या घरात द्यावा लागतो. त्या घरात आधीच ९ असतात; हातचा आल्यावर तेही १० होतात आणि पुन्हा हातचा पुढे जातो. त्यापुढच्या घरात ८ असतात, ते ९ होतात, आणि मग शांतता होते. म्हणून

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

डाव्या बाजूचा ८ नाहीसा झाला, मध्ये दोन शून्ये आली आणि मनोऱ्याची सममिती मोडली. अंकांची बेरीज पाहा: हातचा नसता तर ती १०० आली असती, प्रत्यक्षात ती ८२ आहे. फरक १८ चा. याचेही कारण सोपे आहे. प्रत्येक हातच्याच्या वेळी एका घरातले १० जातात आणि शेजारच्या घरात १ येतो, म्हणजे अंकांची बेरीज ९ ने घटते. येथे हातचे दोन, म्हणून घट १८.

यावरून एक सुंदर कसोटी मिळते. एखाद्या संख्येचा वर्ग करताना एकदाही हातचा आला नाही, तर वर्गातील अंकांची बेरीज ही मूळ संख्येतील अंकांच्या बेरजेचा वर्ग असते. १३ चा वर्ग १६९. १ + ३ = ४ आणि १ + ६ + ९ = १६. मात्र १४ चा वर्ग १९६. येथे १ + ४ = ५, त्याचा वर्ग २५, पण १ + ९ + ६ = १६. फरक ९, कारण हातचा एक.

जिज्ञासू विद्यार्थी येथे विचारील, की १११११११११ ला ९ ने भागले तर १२३४५६७९ येते, त्यात ८ का नाही? उत्तर तेच. १ ला ८१ ने भागले तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असा दशांश अपूर्णांक येतो. तेथे घरोघरी १, २, ३ असे क्रमाने ८, ९, १०, ११ असे ठेवायचे असतात. दहाचा हातचा नवाला दहा करतो आणि त्याचा हातचा आठाला नऊ करतो. दोन्ही ठिकाणी ८ गिळणारा हा हातचाच आहे.

म्हणून १२३४५६७८९८७६५४३२१ ही या मनोऱ्यातील हातचा येण्यापूर्वीची शेवटची संख्या आहे. तिचे वैशिष्ट्य हेच.

राष्ट्रकूटांच्या काळातील हार

या घराण्यातील संख्यांचे आकर्षण आजचे नाही. इ. स. ८५० च्या सुमारास जैन गणितज्ञ महावीराचार्य यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ लिहिला. त्या वेळी राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष राज्य करीत होता. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मालखेड. आणि महाराष्ट्राचा मोठा भाग त्याच्या राज्यात होता. वेरूळचे कैलास लेणे याच घराण्यातील पूर्वीच्या एका राजाने कोरविले.

महावीराचार्यांनी गुणाकाराच्या उदाहरणांत अशी काही उदाहरणे घातली आहेत, की ज्यांची उत्तरे गळ्यातल्या हारासारखी दोन्ही बाजूंनी सारखी दिसतात. १५२२०७ × ७३ चे उत्तर १११११११११ च्या अलीकडचे, म्हणजे आठ वेळा १ असलेले ११११११११ येते. १२३४५६७९ × ९ चे उत्तर नऊ वेळा १ येते. आणि २७९९४६८१ × ४४१ केले तर १२३४५६५४३२१ येते. एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी संख्या असे तिचे वर्णन त्यांनी केले आहे. २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आहे, ४४१ हा २१ चा, आणि ५२९१ × २१ = ११११११. म्हणजे ही आपल्याच मनोऱ्याची सहावी पायरी आहे.

या उदाहरणांतून आणखी एक गोष्ट लक्षात येते. असे हार गुंफण्यासाठी दशमान स्थानमूल्याची पद्धत आणि शून्य अंगवळणी पडलेले असावे लागते. रोमन अंकांत १२३४५६५४३२१ लिहून पाहा. हार दिसणारच नाही. या संख्येचे सौंदर्य हे तिच्या लेखनपद्धतीचे सौंदर्य आहे. मद्रासहून १९१२ साली एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो आधुनिक वाचकांपुढे आला.

डोंबिवली स्टेशनाचे नाव

आता विसाव्या शतकात येऊ. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूस झाला. आई ते आठ वर्षांचे असतानाच गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषात आकडेमोड फार. मुलाने त्यातली आकडेमोड तेवढी उचलली. शालेय शिक्षण ठाण्यास आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. तेथे १९२७ मध्ये त्यांना स्वतंत्र गणिती लेखनासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते बी. एस्सी. झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवीत राहिले.

त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर डेमलो नावाचे स्टेशन होते. तेच आजचे डोंबिवली. आपल्याला एका प्रकारच्या संख्यांचा विचार या स्टेशनावर सुचला म्हणून कापरेकरांनी त्या संख्यांना ‘डेमलो संख्या’ असे नाव दिले. एखाद्या गणिती कल्पनेला रेल्वे स्टेशनाचे नाव मिळाल्याचे असे उदाहरण विरळाच.

डेमलो संख्येचे तीन भाग पडतात. डावा आणि उजवा भाग यांची बेरीज केली की एकाच अंकाची माळ येते, आणि मधल्या भागातही तोच अंक असतो. उदाहरणार्थ १६५: १ + ५ = ६. २५५३: २ + ३ = ५ आणि मध्ये ५५. ४७७७३: ४ + ३ = ७ आणि मध्ये ७७७. आता १२१ पाहा: १ + १ = २. १२३२१: १२ + २१ = ३३. १२३४३२१: १२३ + ३२१ = ४४४. म्हणजे आपला सारा मनोरा या कसोटीस उतरतो. फक्त १ हा अंक असलेल्या संख्यांच्या या वर्गांना कापरेकरांनी ‘आश्चर्यकारक डेमलो संख्या’ म्हटले. १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात त्यांचा या विषयावरील लेख आला. पुढच्याच वर्षी के. आर. गुंजीकर यांच्यासह त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात डेमलो संख्यांचा सिद्धांत मांडला. फक्त १ या अंकाने बनलेल्या संख्यांना आज इंग्रजीत ‘रेप्युनिट’ म्हणतात. हा शब्दच मुळी १९६० च्या दशकातला आहे.

कापरेकरांच्या इतर शोधांशीही आपल्या संख्येचे नाते आहे. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. आपल्या संख्येला ८१ ने भाग जातो, म्हणून ती हर्षद आहे. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की पुन्हा तीच संख्या येते, तिला आज ‘कापरेकर संख्या’ म्हणतात; जसे ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५. आपल्या संख्येला ८१ ने गुणून जो वर्ग आला, त्याचे तुकडे करा: ९९९९९९९९८ + ००००००००१ मिळून ९९९९९९९९९. म्हणजे ९९९९९९९९९ ही कापरेकर संख्या झाली.

जगाला ते माहीत झाले ते ६१७४ या चार अंकी स्थिरांकामुळे. हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत जाहीर केला. परंतु देशातील अनेक प्राध्यापकांना त्यांचे काम क्षुल्लक वाटे. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली देवळालीत त्यांचे निधन झाले.

हे खरे गणित आहे काय?

टीका करणाऱ्यांना एका मोठ्या नावाचा आधार होता. रामानुजनांची प्रतिभा ओळखणारे केंब्रिजचे जी. एच. हार्डी यांनी १९४० साली गणिताच्या स्वरूपावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी ८७१२ आणि ९८०१ या संख्यांचे उदाहरण दिले आहे. ८७१२ ही २१७८ च्या चौपट आणि ९८०१ ही १०८९ च्या नऊपट. म्हणजे दोन्ही आपल्याच उलट्या संख्येच्या पटीत आहेत, आणि चार अंकी संख्यांत अशा या दोनच. हार्डींचे म्हणणे असे, की अशा गोष्टी कोड्यांच्या सदरात शोभतात, गणितज्ञाला त्यांचे काही वाटत नाही. कारण त्यांतून व्यापक असे काही निघत नाही.

या आक्षेपात तथ्य आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. अंकांचा चढ-उतार हा त्या राशीचा गुण नाही, तो आपल्या लिहिण्याचा गुण आहे. आपल्याला दहा बोटे आहेत म्हणून आपण दहाच्या गटांनी मोजतो, आणि म्हणून हातचा दहाला येतो. ‘अंकशास्त्रा’च्या नावाखाली संख्यांना शुभ-अशुभ ठरवणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे. जो गुण मोजण्याची पद्धत बदलली की बदलतो, तो माणसाचे भाग्य कसा ठरवणार?

परंतु हार्डींची कसोटी आपल्या संख्येला लावून पाहू. हिच्यातून व्यापक असे काही निघते काय?

पुन्हा मार्केट यार्डात जाऊ. आंबा डझनावर विकतात, आणि बारा डझनांचा एक ग्रोस होतो. ही बाराच्या गटांची मोजणी झाली. ‘१२१’ याचा अर्थ येथे १ ग्रोस, २ डझन आणि १ आंबा, म्हणजे १४४ + २४ + १ = १६९. हा १३ चा वर्ग आहे, आणि १३ म्हणजे एक डझन एक, अर्थात ‘११’. आठाच्या गटांनी मोजले तर ‘१२१’ म्हणजे ६४ + १६ + १ = ८१, आणि तो ९ चा, म्हणजे तेथल्या ‘११’ चा वर्ग. म्हणजे १२१ ही संख्या कोणत्याही मोजणीत पूर्ण वर्गच असते. मात्र गट किमान तिनाचा हवा. डझनाच्या मोजणीत हातचा बाराला येतो, म्हणून मनोरा अकरा पायऱ्यांपर्यंत शाबूत राहतो. आठाच्या मोजणीत सात पायऱ्यांनंतर मोडतो. संगणकाच्या दोनाच्या मोजणीत तर दुसऱ्याच पायरीला मोडतो: तेथे ‘११’ म्हणजे तीन, आणि त्याचा वर्ग नऊ हा ‘१००१’ असा लिहितात.

मग दहा, बारा, आठ यांपैकी काहीच न धरता गटाला नुसते क्ष म्हणू. १ + क्ष + क्ष² या पदावलीचा वर्ग १ + २क्ष + ३क्ष² + २क्ष³ + क्ष⁴ येतो. येथे हातचा कधीच येत नाही. मनोरा कितीही उंच चढवा, तो मोडत नाही. नववीच्या बीजगणितातील बहुपदींचा गुणाकार आणि चौथीतील अंकांचा गुणाकार ही एकच क्रिया आहे, हे याहून स्पष्ट कसे दाखविता येईल? आपली सतरा अंकी संख्या म्हणजे नऊ पदांच्या बहुपदीच्या वर्गात क्ष च्या जागी १० घातल्यावर आलेली किंमत.

आणखी एक गोष्ट पाहा. दोन फासे टाकले तर बेरीज २ येण्याचा मार्ग १, ३ येण्याचे २, ४ चे ३, असे ७ येण्याचे ६ मार्ग असतात. नंतर ८ चे ५, ९ चे ४ आणि शेवटी १२ चा १. हे आकडे ओळीने लिहा: १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १. हा तर महावीराचार्यांचा हार! त्यातील अंकांची बेरीज ३६, आणि दोन फाशांच्या शक्यताही ३६. हा योगायोग नाही. पहिल्या फाशाचे सहा आणि दुसऱ्याचे सहा मिळून पुन्हा तोच पेट्यांचा चौरस होतो, आणि सारखी बेरीज देणाऱ्या जोड्या एकाच तिरप्या ओळीवर असतात. दोन फाशांच्या खेळात सात इतक्या वेळा का पडतात, हे अकराशे वर्षांपूर्वीच्या एका गुणाकारात लिहून ठेवल्यासारखे आहे.

आणि एक प्रश्न तर अजून सुटलेलाच नाही. फक्त १ या अंकाच्या संख्यांपैकी मूळ संख्या कोणत्या? ११ मूळ आहे. १११ ही ३ × ३७ आहे. एककांची संख्या संयुक्त असेल तर ती संख्याही संयुक्तच असते. म्हणून नऊ एककांच्या १११११११११ ला तीन एककांच्या १११ ने भाग जातो आणि १००१००१ उरते. ११ नंतरची मूळ संख्या एकदम १९ एककांची आहे, मग २३ एककांची, मग ३१७ आणि मग १०३१ एककांची. ही १०३१ अंकी संख्या मूळ असल्याचे १९८६ साली सिद्ध झाले. त्यानंतर आणखी मोठ्याही सापडल्या आहेत. पण अशा मूळ संख्या अनंत आहेत की नाहीत, हे आजही कोणाला सिद्ध करता आलेले नाही.

तेव्हा हार्डींना उत्तर असे, की गंमत पाहून थांबले तर ते कोडे असते, ‘का?’ आणि ‘कोठपर्यंत?’ हे दोन प्रश्न विचारले की त्याचे गणित होते. ८७१२ बद्दल त्यांचे काहीही मत असो, १२३४५६७८९८७६५४३२१ मधून बहुपदी, संभाव्यता आणि मूळ संख्या या तिन्हींकडे वाटा जातात. कापरेकरांच्या हाताशी ना प्रयोगशाळा होती, ना मोठे ग्रंथालय, ना वरची पदवी. होती ती आकडेमोडीची चिकाटी आणि शाळेचा फळा. या साधनांवर १९३८ साली जे होऊ शकले, ते आज कोणत्याही गावच्या शाळेत होऊ शकते.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. १२ चा वर्ग १४४ आणि २१ चा ४४१. १३ चा १६९ आणि ३१ चा ९६१. संख्या उलटली की वर्गही उलटतो. पण १४ चा वर्ग १९६ आणि ४१ चा १६८१. असे का? ११२ आणि २११ यांचे वर्ग काढण्यापूर्वीच अंदाज सांगा.

२. अकरा एककांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१ आहे. त्यातील अंकांची बेरीज करा. हातचा नसता तर ती १२१ आली असती. गुणाकार न करता, केवळ या दोन बेरजांवरून हातचे किती आले ते सांगा.

३. दहा एककांच्या वर्गातील मधल्या शून्याच्या दोन्ही बाजूंना १२३४५६७९० आणि ९८७६५४३२१ या संख्या आहेत. त्यांची बेरीज करा. हातचा आल्यावर मनोरा मोडला, पण डेमलोचा नियम पूर्ण हरवला काय? विद्यार्थ्यांना यावर वाद घालू द्यावा, आणि उत्तर फळ्यावर लगेच लिहू नये.